पाकिटावरचा १४ नंबर : जुन्या अमेरिकन पॅटर्नवरून फ्रॉक बेतताना

पार्श्वभूमी

प्रकरण वेंगुर्ल्याकडचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापं तेवढी आहेत तशीच ठेवली आहेत, कारण सगळा गुंता मापांचाच होता.

एका घरातली आजी तरुणपणी वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. हॉस्पिटल अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं, त्यामुळे गावात अमेरिकन कुटुंबं राहायची आणि त्यांच्यामागून तिकडच्या वस्तूही यायच्या. त्यातल्याच कुणा बाईने आजीला कपड्याच्या पॅटर्नचं, म्हणजे कापड बेतायच्या कागदी नमुन्यांचं, एक पाकीट दिलं. वर रंगीत चित्र होतं: आवळ कंबर, घेरदार स्कर्ट, छोटी बाही, पोटरीपर्यंत उंची. आजी साडी नेसणारी. तिने तो फ्रॉक कधी शिवला नाही, पण पाकीटही टाकलं नाही. डांबरगोळ्यांच्या सोबतीने ते ट्रंकेत राहिलं आणि कोकणातले इतके पावसाळे पचवून शाबूत निघालं, हेच खरं तर नवल.

नात पुण्याला नोकरी करते. मे महिन्यात घरातल्या लग्नाच्या रिसेप्शनला हाच फ्रॉक घालायचा असं तिने ठरवलं आणि गावातल्या काकींकडे पाकीट घेऊन गेली. काकी ब्लाऊज शिवतात. कटोरी असो की प्रिन्सेस कट, त्यांच्या हातचा ब्लाऊज अंगावर चढला की परत उसवायला येत नाही. पण छापील पॅटर्नवरून त्यांनी कधी काही कापलेलं नव्हतं. मापं घ्यायची, कापडावर खडूने आखायचं आणि कातर चालवायची, ही त्यांची रीत. मी कुडाळच्या बाजूला शिवणवर्ग घेते, कागदावरचं ड्राफ्टिंग शिकवते. पहिली चाचणी फसल्यावर दोघींनी मला मध्ये घेतलं.

अडचण

पाकिटातून निघाले पतंगाच्या कागदाहून पातळ असे पिवळट तुकडे. त्यांच्यावर ना रेघ, ना अक्षर, फक्त भोकं. काकींनी एक तुकडा उजेडात धरला आणि म्हणाल्या, "गो बाय, ह्येका तर कसर लागली हा!"

कसर लागलेली होती, पण दोन-तीन तुकड्यांच्या कडांना. बाकीची भोकं कारखान्यातच पाडलेली. अमेरिकेत छापील पॅटर्न सर्रास होण्याआधी, आणि काही कंपन्यांच्या बाबतीत पार पन्नाशीच्या दशकापर्यंत, पॅटर्नचे तुकडे कोरे यायचे आणि टक्स (कपड्याला अंगाचा आकार देणाऱ्या निमुळत्या चुण्या), घडीची बाजू, कापडाचा उभा धागा या सगळ्या खुणा भोकांनी दाखवलेल्या असायच्या. लहान भोक कशाचं आणि मोठं कशाचं, हे कंपनीनुसार बदलतं. सोबतच्या सूचनापत्रावर त्याची किल्ली असते. इथे सूचनापत्र घडीवर फाटलं होतं, पण किल्ली वाचता येत होती. कसरीचं भोक ओळखायची साधी खूण म्हणजे त्याची कड वेडीवाकडी असते आणि त्याला जोडीदार नसतो. कारखान्याची भोकं गोल असतात, एका ओळीत येतात आणि टक्सच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर असतात.

मी येण्याआधी काकींनी मांजरपाटाचा एक कच्चा फ्रॉक शिवून पाहिला होता. मूळ कागदच कापडावर ठेवला आणि सवयीप्रमाणे चहूबाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीसाठीचं जादा कापड) सोडली. कागदात अर्धा इंच माया आधीच धरलेली होती, ते सूचनापत्रात लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. वर, "छाती ३६ आसा आणि कागद बारको दिसता" म्हणून दोन्ही कुशींना (बाजूच्या शिवणींना) मिळून आणखी दोन इंच वाढवले.

तो फ्रॉक नातीने अंगावर चढवला तेव्हा काय दिसलं: छातीवर आडवा ताण, मुंड्यापाशी (बाही जोडतात त्या गोलाईपाशी) झोळ, पुढची कंबर वर उचललेली, खांदा दंडावर घसरलेला आणि पाठीमागे एवढी जागा की मूठ आत जावी. मजा अशी की टेप लावला तर त्या कच्च्या फ्रॉकची छाती ३९ भरत होती. ३६ च्या अंगाला ३९ चा कपडा सैलच व्हायला हवा. तरी पुढे तटतटत होता.

इथे मी सगळं थांबवलं आणि कागद मोजायला बसले. पाकिटावरच्या तक्त्यातला अंगाच्या मापाचा आकडा वेगळा आणि प्रत्यक्ष कागद मोजून मिळणारं तयार कपड्याचं माप वेगळं. माया वगळून शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजलं तर छाती ३५ भरली: पुढचा भाग १८, पाठ १७. कंबर साडेसत्तावीस. पाठीची उंची, म्हणजे मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत, १६. खांद्यापासून टक्सच्या रोखापर्यंत, म्हणजे टक्स उभारापाशी जिथे रोखलेला असतो तिथपर्यंत, साडेनऊ.

मग नातीची मापं घेतली. पूर्ण छाती ३६, पण काखेतून, उभाराच्या वरून घेतलेली छाती साडेबत्तीस. कुशीपासून कुशीपर्यंत पुढे साडेएकोणीस, मागे साडेसोळा. कंबर २९, पाठीची उंची १५, खांद्यापासून उभाराच्या टोकापर्यंत साडेदहा. खांद्याची रुंदी मात्र कागदाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती.

कच्च्या फ्रॉकचं कोडं इथेच सुटलं. काकींनी वाढवलेले चार इंच पुढे-मागे सारखे वाटले गेले: पुढे २० झाले, मागे १९. मागे अडीच इंच फुकट, पुढे जेमतेम अर्धा इंच मोकळा, आणि उभाराला लागते ती खोली तर टक्समध्ये आलीच नाही. रुंदी वाढली, पण जिथे हवी तिथे नाही.

पाकिटावरच्या नंबराबद्दल

पाकिटावर १४ लिहिलेलं. नातीने आंतरजालावर आजचा तक्ता पाहून १४ म्हणजे छाती ३६ असा हिशोब केला होता आणि आपल्यासाठीच हे पाकीट आलं म्हणून खूश झाली होती. अमेरिकन पॅटर्नच्या दुनियेत नंबर आणि माप यांची जोडी दोनदा सरकली आहे. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत १४ नंबर म्हणजे छाती ३२, कंबर साडेसव्वीस, सीट (नितंबांचा घेर) ३५. त्यानंतर १४ म्हणजे छाती ३४. १९६८ च्या सुमाराला पुन्हा बदल झाला आणि १४ म्हणजे छाती ३६ झाली. म्हणजे एकाच आकड्याखाली तीन वेगळ्या बायका. आपल्या हातातलं पाकीट पहिल्या खेपेचं. तिथेच, आकड्याच्या शेजारी, इंचातली मापं छापलेली असतात. ती वाचावीत आणि नंबर विसरून जावा.

दुसरी बाब, ज्या बाईसाठी हा कागद बेतला तिच्या अंगाची. पॅरिसमध्ये १२ फेब्रुवारी १९४७ ला ख्रिश्चन डिओर या फ्रेंच फॅशन डिझायनरने आपला पहिला संग्रह दाखवला आणि पुढची दहा वर्षं बारीक कंबर, भरदार छाती आणि मोठा घेर हाच नमुना चालला. तो आकार निव्वळ शरीराचा नव्हता. आतून टोकदार शिवणीची ब्रा छाती वर उचलून धरायची आणि कमरेला आवळपट्टा असायचा. त्यामुळे त्या काळच्या कागदावर टक्सचा रोख आजच्या मानाने वर येतो आणि कमरेला मोकळीक जेमतेम इंचभर. कोकणातल्या मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना आवळपट्टा घालणार कोण?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काकींचा: पॅटर्न बाजूला ठेवायचा, चित्र बघायचं आणि नातीच्या मापाने सरळ कापडावर आखायचं. त्यांच्या हाताने फ्रॉक अंगाला नक्की बसला असता. पण तो आजीच्या पाकिटातला फ्रॉक झाला नसता. त्या काळच्या कटिंगमधले बारकावे (उंच मुंडा, स्कर्टच्या कळ्यांचा (घेरासाठी जोडलेल्या उभ्या तुकड्यांचा) बाक, गळ्याच्या आतल्या पट्टीचा आकार) चित्रावरून कळत नाहीत. नातीला हे नको होतं.

दुसरा पर्याय: कागद सगळीकडून दोन साइझने वाढवायचा. शिवणवर्गातल्या बहुतेक मुली हेच करतील. पण खांदा आणि पाठ आधीच जुळत होती. दोन साइझ वाढवले की खांदा पुन्हा दंडावर.

तिसरा: हाच पॅटर्न मोठ्या मापात शोधायचा. जुने पॅटर्न एका पाकिटात एकाच मापाचे असत. एका कागदावर अनेक मापं ही पद्धत बरीच नंतरची. परदेशातून मागवायचं तर वेळही नव्हता, आणि पुन्हा खांद्याचा प्रश्न तोच.

चौथा: सांगाडा आहे तोच ठेवायचा आणि फक्त पुढचा भाग उभारापाशी उघडायचा. काखेतल्या वरच्या छातीवरून पॅटर्न निवडायचा, कारण ते माप हाडांचं, आणि उभाराचा फरक नंतर पुढच्या तुकड्यात घालायचा. वरची छाती साडेबत्तीस, पाकीट ३२ चं. इथे निर्णय कठीण नव्हता. कठीण होतं ते काकींना पटवणं, कारण "कागद फाडून मधी जागा सोडूची" ही कल्पना त्यांना अपशकुनी वाटत होती.

काय केलं

मूळ कागदाला कातर लावायची नाही, हे पहिलं. इस्त्री अगदी कोमट, पाणी-वाफ बंद, आणि मध्ये सुती फडकं घालून तुकडे सपाट केले. दमट हवेत राहिलेला असा कागद ओला झाला की लगदाच. मग बटर पेपरवर उतरवला. उतरवताना मायेची रेघ सोडून दिली आणि फक्त शिवणीची रेघ घेतली. सगळी दुरुस्ती शिवणीच्या रेघेवर करायची आणि माया शेवटी आपल्या मनाने द्यायची: कुशींना एक इंच, बाकी ठिकाणी अर्धा. काकींची मायेची सवय इथे उपयोगीच ठरली, फक्त एकदाच द्यायची एवढं ठरलं.

त्यानंतर उंची. पाठीत एक इंच जास्त होता, तो छाती आणि कंबर यांच्या मधोमध आडवी घडी घालून पुढे-मागे दोन्हीकडे कमी केला. उंची आधी आणि रुंदी नंतर, हा क्रम मी सोडत नाही. उलट केलं तर टक्सची जागा दोनदा हलते.

मग उभाराचा बिंदू. इथे पहिला खरा वाद झाला. कागदावरचा रोख नातीच्या उभारापेक्षा इंचभर वर होता. नातीचं म्हणणं, त्या काळासारखी ब्रा मागवते आणि कागद तसाच ठेवू. तसं करता येतं, बऱ्याच जणी करतात, आणि चित्रातला आकार हवा असेल तर तोच प्रामाणिक मार्ग आहे. काकींनी एकच विचारलं, "लग्नात दिसभर घालशील मां ती?" नात गप्प. शेवटी रोजच्या वापरातली, पण नवी ब्रा ठरली आणि रोख इंचभर खाली घेतला. त्या घडीपासून प्रत्येक माप आणि प्रत्येक चाचणी त्याच ब्रावर. जुनी सैल ब्रा घालून माप दिलं आणि नवी घालून फ्रॉक चढवला तर केलेलं सगळं पाण्यात.

आता कागद उघडायचा. खालच्या टक्सच्या मधून उभाराच्या बिंदूपर्यंत उभी रेघ, तिथून मुंड्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याकडे तिरकी रेघ, आणि कुशीच्या टक्समधून बिंदूपर्यंत एक रेघ. या रेघांवर कापायचं. मुंड्याच्या शिवणरेघेवर कागदाचा केसभर धागा ठेवायचा, म्हणजे तो बिजागरीसारखा फिरतो. बिंदूपाशी कागद दीड इंच उघडला. दोन्ही बाजू मिळून तीन. पुढचा भाग १८ चा २१ झाला, पाठ १७ तशीच. एकूण छाती ३८, अंगाला दोन इंच मोकळीक. बाजू फिरली की तिची खालची कड पुढच्या मध्यापेक्षा जवळजवळ पाऊण इंच खाली उतरते. मध्याचा तुकडा आडवा कापून तेवढाच खाली सरकवला, म्हणजे कंबरेची रेघ पुन्हा एका पातळीत. पुढची कंबर वर उचलली जात होती तिचं औषध हा पाऊण इंच.

कंबरेचं काम आयतंच झालं. उभी रेघ कंबरेपर्यंत उघडली, तेव्हा तिथेही तीन इंच आले. साडेसत्तावीसची कंबर साडेतीस झाली, नातीला २९ वर दीड इंच मोकळीक. आलेली जागा टक्समध्ये खायची नाही, एवढंच. नातीचं पोट थोडं पुढे आहे, त्यामुळे वाढ पुढे झाली तेच योग्य. पाठीकडून जाड कंबर असती तर हा हिशोब चालला नसता.

कुशीचा टक्स मात्र आता फार रुंद झाला. मांजरपाटावर शिवला तर छातीवर शंकूसारखं टोक आलं. मी तो अर्धा खालच्या टक्समध्ये वळवायच्या विचारात होते. काकींनी कागद ओढून घेतला, टक्सचे दोन अरुंद, समांतर टक्स केले आणि टोकं उभारापासून इंचभर अलीकडे थांबवली. कटोरीची गोलाई वर्षानुवर्षं बसवलेला हात तो. टोक गेलं. माझ्या उपायापेक्षा हा सरस होता, कारण कमरेची जागा धक्का न लागता राहिली.

दुसरा वाद मुंड्यावरून. दुसऱ्या चाचणीत बाही लावल्यावर काखेत दाटत होतं. काकी लगेच म्हणाल्या, "मुंडो वायच खाली घेतंय, मगे बरा होतला." शिंपीकामातला हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय. मुंडा खाली उतरवला की उभं राहिल्यावर मोकळं वाटतं, पण हात वर केला की बाहीबरोबर सगळा फ्रॉक कमरेतून वर येतो. जुन्या पॅटर्नचा उंच मुंडा हात हलता राहावा म्हणूनच असतो. आम्ही दंड मोजला: साडेबारा. कागदाची बाही १३. दोष मुंड्याचा नव्हता, बाही अरुंद होती. बाहीचा कागद उभा चिरून दंडापाशी एक इंच उघडला, वरची गोलाई मुंड्याच्या मापात ठेवली. नातीला खांबाला धरून उभी असल्यासारखा हात वर करायला लावला, मग खाली पाटावर बसवलं. कंबर जागची हलली नाही, तेव्हा काकींनी मान हलवली.

चेनवर फार वेळ गेला नाही. पॅटर्नमध्ये ती डाव्या कुशीला, काकींना पाठीत हवी होती. पाठीचा तुकडा घडीवर कापायचा असल्याने मध्ये शिवण नव्हती, आणि आम्ही ती आणलीही नाही.

कापड छापील सुती. एक रात्र पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतलं. जुन्या सूचनापत्रातला कापडाचा हिशोब तेव्हाच्या ३५-३९ इंच पन्ह्यावर (कापडाच्या रुंदीवर) केलेला असतो. आज ४४ चा पन्हा मिळतो, त्यामुळे तुकडे नव्याने मांडून पाहिले आणि कापड वाचलं. स्कर्टच्या कळ्यांना तिरका धागा येतो, म्हणून फ्रॉक दोन रात्री टांगून ठेवला आणि त्यानंतरच खालची दुमड घातली.

परिणाम

फ्रॉक बसला. खांदा खांद्यावर, कंबरेची शिवण सगळीकडून जमिनीला समांतर, छातीवर ताण नाही, मुंड्यात झोळ नाही. पाठीत कंबरेच्या किंचित वर एक आडवी बारीक घडी राहिली. नातीची पाठ तिथे आत वळते. अर्धा इंच काढला असता तर गेली असती, पण तोवर स्कर्ट जोडून झाला होता आणि उसवायचं धाडस कुणाला झालं नाही. चित्रातला टोकदार उभार आणि मुठीत मावेलशी कंबर अर्थातच आली नाही. घरातल्या एका मावशींनी ते बोलून दाखवलं. रिसेप्शनला जेवण झाल्यावर कंबर जरा दाटली, असं नातीने नंतर कळवलं.

पैशांचा भाग अवघड गेला. काकींचे दर नगावर आहेत. एका फ्रॉकमागे दोन कच्चे फ्रॉक आणि कागदावर गेलेले तास त्या दरात कुठेच बसत नव्हते. नातीने चाचण्यांचे पैसे वेगळे दिले, पण ते काम संपल्यावर, दोघींनी अवघडत केलेल्या बोलण्यातून.

वेगळं काय करता आलं असतं

कापडाला हात लावण्याआधी कागद मोजला असता तर पहिला कच्चा फ्रॉक वाचला असता. अर्ध्या तासाचं काम. पण पूर्ण वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण त्यावरचे ताण आणि झोळ बघूनच दोष पुढच्या भागात आहे हे काकींना पटलं. नुसत्या आकड्यांनी पटलं नसतं.

पहिल्या चाचणीला फक्त वरचा भाग पुरतो. स्कर्ट जोडायची गरज नाही. आणि पाठीची ती घडी दुसऱ्या चाचणीतही दिसत होती. बाहीच्या वादात ती मागे पडली. बाही लावण्याआधी पाठ एकदा स्वतंत्र बघायची, असा क्रम ठेवला असता तर ती तिथेच निघाली असती.

कंबरेला दीड इंच उभं राहून पुरेसा होता, बसून जेवायला नाही. चाचणी पाटावर घेतली ती उपाशीपोटी. कुशीला माया इंचभर आहे, तेव्हा अर्धा इंच सोडता येईल. पण डाव्या कुशीला चेन असल्याने ती उसवावी लागेल. उकाड्यात घालायच्या कपड्याला मी यापुढे कंबरेला दोन इंच धरेन.

ब्राचा निर्णय सर्वांत आधी व्हायला हवा होता, कारण त्यावर तीन मापं अवलंबून होती. आणि चाचण्यांची मजुरी पहिल्या दिवशी, टेप हातात घेण्याआधी बोलून घ्यायला हवी होती.

बटर पेपरवरच्या तुकड्यांवर आता तारीख, नातीची मापं आणि कुठे किती उघडलं ते मराठीत लिहून ठेवलंय. नातीच्या चुलत बहिणीलाही तोच फ्रॉक हवाय. तिची वरची छाती ३६ आणि पूर्ण छाती ३८ आहे, म्हणजे तिच्यासाठी हे उघडलेले तुकडे चालायचे नाहीत. मूळ कागद पुन्हा उतरवून, या खेपेला खांद्यापासूनच दोन साइझ वाढवायचा आहे.